पाच नंबरच्या गेटला काय दिसायचं

शाळेत तिला सगळे लॅबताई म्हणायचे. शिक्षक म्हणायचे, मुलं म्हणायची, आणि कधीकाळी शाळेतून बाहेर पडून आता टक्कल पडलेली माणसंही रस्त्यात भेटली की "काय लॅबताई, ओळखलंत का?" असंच विचारायची. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिला सव्वीस वर्षं झाली होती. सकाळी कपाटाचं कुलूप काढायचं, भिंगं मऊ फडक्यानं पुसायची, बारा टेबलांवर बारा आरसे, टाचण्या, पट्ट्या, तारा मांडायच्या, आणि तास संपला की सगळं मोजून परत आत ठेवायचं. प्रयोग मांडायचा तिनं, करायचा दुसऱ्यांनी आणि आवरायचा पुन्हा तिनंच.

मधल्या वेळात ती मागच्या कपाटाजवळ स्टुलावर बसायची. सर दर वर्षी नव्या मुलांना तेच सांगायचे. "एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवा. आणि दिसलं तेच लिहा, हवं ते लिहू नका." हे वाक्य तिनं सव्वीस वेळा ऐकलं होतं. कुठल्या टेबलावरच्या पोराचं उत्तर चुकणार हे तिला त्याच्या पाठीकडे बघूनच कळायचं. पण स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डोक्यातल्या प्रश्नासाठी तिनं एकही प्रयोग कधी केला नव्हता. तिला कुणी विचारलंही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्याही मनात कधी आलं नव्हतं.

घरी ती आणि तिची थोरली नणंद, दोघीच. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. नणंद टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिल्यामुळे की काय, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

लॅबताई रोज नऊच्या पुढे घरातून निघायची, पाच मिनिटं चालायची आणि भुयारी मेट्रोचा जिना उतरायची. खाली ओळीनं पाच गेटं होती. ती नेहमी पाच नंबरच्या, अगदी कडेच्या गेटातून जायची, कारण तिथून पुढच्या डब्याचा जिना जवळ पडायचा. कार्ड टेकवलं की टुंग वाजायचं, काचेच्या दोन झडपा बाजूला सरकायच्या, ती आत. तीन वर्षांत या गेटानं तिला कधी त्रास दिला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्यानं दिला. कार्ड टेकवलं, टुंग वाजलं, झडपा उघडल्या, आणि ती पाऊल टाकते न टाकते तोच धाडकन तिच्या पिशवीवर मिटल्या. लाल दिवा लागला. आतून एक बाई गोड आवाजात बोलली, "कृपया एका वेळी एकच व्यक्ती."

लॅबताईनं मागं वळून पाहिलं. मागं चिटपाखरू नव्हतं.

गेटांच्या शेजारच्या काचेच्या केबिनमधून माणूस बाहेर आला. गळ्यात कायम शिट्टी असायची म्हणून येणारे-जाणारे त्याला शिट्टीसाहेब म्हणायचे. मिशा पांढऱ्या, बूट चकचकीत, आणि चेहरा असा की सगळे प्रवासी आपलंच काहीतरी ढापून चाललेत.

"बाई, कार्ड नीट टेकवत जा."

"टेकवलं की. वाजलंही."

"मग पिशवी पुढे धरली असणार. पिशवी मागे घ्या."

तिनं पिशवी मागे घेतली. त्यानं चावी फिरवून झडपा उघडल्या. गाडी चुकली, बारा टेबलं घाईघाईत मांडावी लागली आणि एका टेबलावर टाचण्याच राहून गेल्या.

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी पुन्हा.

"मला कळलं," रात्रीचं जेवताना नणंद म्हणाली. "आमचा भाऊ येत असणार तुझ्याबरोबर. तिकीट चुकवून जायची त्याची जुनीच खोड."

"वन्सं, काहीतरीच बोलता हं तुम्ही!"

"काहीतरीच काय? कॉलेजात असताना दोनदा पकडला होता बसमध्ये. आईनं चांगला झोडपला होता."

दोघी खूप हसल्या. मग लॅबताई ताटातला घास तसाच हातात धरून थांबली. तिच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. गेटाला दुसरं माणूस दिसतंय. नसलेलं माणूस दिसतंय. का दिसतंय?

"वन्सं, उद्या मी डबा नेणार नाही."

"उपाशी राहणार?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी डबा. स्टीलचा आहे ना, चकाकतो."

नणंदेनं तिच्याकडे रोखून बघितलं. "जरा बरी आहेस ना?"

तिनं शाळेतल्या जुन्या प्रयोगवहीचं एक कोरं पान फाडून घेतलं आणि त्यावर चार रकाने आखले. तारीख, वेळ, काय बदललं, काय झालं. शुक्रवारी डबा नव्हता, तरी गेट मिटलं. शनिवारी तिनं कापडी पिशवी नेली, तरीही मिटलं. सोमवारी चार नंबरच्या गेटानं गेली, तर काहीच झालं नाही. म्हणजे दोष पिशवीत नाही, डब्यात नाही, तिच्यातही नाही. दोष पाच नंबरमध्येच.

पण संध्याकाळी घरी येताना तिनं मुद्दाम पाच नंबरातूनच बाहेर यायचं ठरवलं, तेव्हा गेट गरीब गाईसारखं उघडलं. मंगळवारी ती अर्धा तास लवकर निघाली, तेव्हाही उघडलं. आणि बुधवारी, नेहमीच्या वेळेला, आभाळ भरून आलं होतं, तेव्हाही उघडलं! तिचं तिलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. मिटावं अशी तयारी करून गेलेली आणि ते शहाण्यासारखं वागलं.

त्या दिवशी शाळेत भिंगं पुसता पुसता तिनं तो कागद चारदा उघडून पाहिला. कुणाच्या तरी पाठीकडे बघून उत्तर ओळखायची सवय, पण इथं पाठ कुणाची बघायची?

गुरुवारी मात्र प्रकरण तिच्या एकटीचं राहिलं नाही. ऊन पडलं होतं. ती जिना उतरून आली तर पाच नंबरपाशी शिट्टीसाहेबानं एका माणसाला अडवून धरलं होतं. पन्नाशीचा, अंगानं किरकोळ, बाह्यांना पीठ लागलेलं. बेकरीतल्या भट्टीवरची पाळी संपवून घरी निघालेला.

"हा तिसरा प्रकार!" शिट्टीसाहेब रजिस्टर नाचवत होता. "दुसऱ्याच्या मागून घुसायचा प्रयत्न. तीनदा नोंद झाली. आता सोमवारी रजिस्टर वर जाईल, आणि तुमचा पास बंद होईल महिनाभर."

"असेल बुवा," बेकरीवाला थकलेल्या आवाजात म्हणाला. "मशीन म्हणतंय म्हणजे असेल. पण साहेब, मी राहतो शेवटच्या स्टेशनाला. भट्टीपुढे उभं राहून पाय गेलेत माझे. चालत जाऊ का आता?"

लॅबताईला भांडणाची सवय नव्हती. पण तोंडातून शब्द निघून गेले. "हे एकटेच होते. मी जिन्यावरून बघितलं."

"बाई, तुम्ही मधे पडू नका. मशीन खोटं बोलत नाही."

"खोटं बोलत नसेल. पण त्याला चुकीचं दिसत असेल. डोळे असतात ना त्याला?"

शिट्टीसाहेब थबकला. "कसले डोळे?"

तो प्रश्न त्यानं उगाच विचारला. कारण लॅबताईनं पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकले आणि भर गर्दीत गेटाच्या तोंडाशी उकिडवी बसली. आतल्या बाजूला, मांडीच्या उंचीवर, बोराच्या बीएवढे काळे काचेचे ठिपके ओळीनं बसवलेले होते. एका बाजूनं न दिसणारा उजेड निघत असणार आणि समोरच्या ठिपक्यानं तो पकडायचा. मधे माणूस आला की उजेड तुटणार. शाळेत असाच एक प्रयोग होता, टेबल नंबर नऊ.

आणि त्यांपैकी शेवटच्या तीन ठिपक्यांवर उन्हाची एक पिवळीधमक पट्टी तिरकी पडली होती.

"उठा, उठा, लोक बघतायत," शिट्टीसाहेब कुजबुजला.

"ऊन आहे इथं," ती म्हणाली.

"असेना का! फेब्रुवारीत ऊन नसणार तर काय?"

"पण हा जिना पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सव्वानऊला इथं ऊन येईलच कसं?"

शिट्टीसाहेबानं जिन्याकडे मान वळवली. पायांची तक्रार विसरून बेकरीवालाही शेजारी उकिडवा बसला आणि त्या पट्टीकडे बघायला लागला. "रोज असतं का हे, ताई?"

"तेच बघायचंय, भाऊ."

ती जिना चढून वर गेली. शाळेला उशीर होत होता, पण आता शाळा गेली उडत असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून तिनं पावलांपाशी पडलेल्या उन्हाचा माग काढला. सूर्य पाठीशी होता आणि ऊन समोरून येत होतं. रस्त्यापलीकडे दोन वर्षं बांबूच्या परांचीत उभी असलेली इमारत होती. महिन्याभरापूर्वी तिची परांची काढली होती आणि वरपासून खालपर्यंत निळसर काचा बसवल्या होत्या. पाचव्या-सहाव्या मजल्याच्या काचेत दुसरा सूर्य बसला होता, डोळे दिपवणारा, आणि तो बरोबर जिन्यातून खाली बघत होता.

आरसा. सव्वीस वर्षं ती टेबलांवर मांडत होती तो आरसाच, फक्त सहा मजली.

ती धावत खाली आली. पिशवीत छत्री होती. कालच्या ढगांमुळे आणलेली, काढायची राहिलेली. तिनं ती उघडली आणि गेटाच्या कडेला अशी धरली की ठिपक्यांवर सावली पडेल.

"आता जा भाऊ."

बेकरीवाल्यानं कार्ड टेकवलं. टुंग. झडपा उघडल्या. तो आत गेला. झडपा आपल्या सावकाश मिटल्या.

"बाहेर या. परत जा." यावेळी तिनं छत्री मिटली. बेकरीवाला पाऊल टाकतो न टाकतो तोच धाडकन झडपा. "कृपया एका वेळी एकच व्यक्ती."

मागं थांबलेल्या लोकांतून कुणीतरी टाळी वाजवली. शिट्टीसाहेबानं टोपी काढून डोकं खाजवलं. तो वाईट माणूस नव्हता. गेट म्हणेल ते रजिस्टरात लिहायचं हे त्याला शिकवलं होतं आणि तो ते मन लावून करत होता.

"पण मग मेकॅनिकला का नाही सापडलं?" तो म्हणाला. "लोक ओरडतात म्हणून तीनदा बोलावली होती. दोनदा तर आतलं सर्किटसुद्धा बदलून गेली."

"किती वाजता येते ती?"

"तक्रार सकाळी नोंदवतो, ती दुपारी दोनपर्यंत पोचते."

"दुपारी ऊन कुठं असतं इथं?"

शिट्टीसाहेबानं टोपी पुन्हा घातली, केबिनमध्ये गेला आणि फोन उचलला.

मेकॅनिक शनिवारी सकाळी नऊला हजर झाली. तिशीतली बाई, खांद्यावर हत्यारांची पिशवी, चेहऱ्यावर वैताग. "कोण म्हणतंय उन्हानं गेट बिघडतं?"

"मी," लॅबताई म्हणाली.

"काकू, या गेटांना उन्हाचं काही होत नाही. बनवतानाच तपासलेलं असतं."

"असेल. पण आपण जरा थांबूया का? अजून दहा मिनिटं आहेत."

"कशाला दहा मिनिटं?"

"सूर्य यायला."

मेकॅनिक हसली. पण थांबली. बेकरीवालाही थांबला होता, घरी जाऊन झोपायचं सोडून, हातात कागदात गुंडाळलेले गरम पाव घेऊन. नऊ वाजून पाच-सहा मिनिटांनी जिन्याच्या खालच्या पायरीवर उजेड उतरला. मग फरशीवर आला. मांजर दबकत यावं तसा तो गेटाकडे सरकत होता, आणि चौघंही मान वाकवून बघत होती. नऊ अकराला पट्टी पहिल्या ठिपक्यावर चढली. मेकॅनिकनं कार्ड टेकवलं आणि झडपा तिच्याच अंगावर मिटल्या.

ती तिथेच उभी राहिली. मग लॅपटॉप काढून तार जोडली आणि पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. "बाप रे," ती म्हणाली. "डोळे दिपतात याचे. समोरचा उजेडच दिसत नाही, म्हणून वाटतं मधे कोणीतरी उभंय." मग लॅबताईकडे वळून, "काकू, तुम्ही कुठं काम करता?"

"शाळेत. प्रयोगशाळेत."

"शिकवता?"

"नाही. मांडते."

मेकॅनिकनं काळ्या पुठ्ठ्याची एक छोटी पडवी कापून टेपनं ठिपक्यांवर चिकटवली आणि गेट मुकाट्यानं चालायला लागलं. तिनं अहवाल लिहिला, सही केली, आणि बेकरीवाल्याच्या तिन्ही नोंदी शिट्टीसाहेबानं स्वतः लाल शाईनं खोडल्या. बेकरीवाल्यानं पाव वाटले. शिट्टीसाहेबानं दोन खाल्ले.

यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण आठवड्यानं वरून तीन माणसांचं पथक आलं, दुपारी तीन वाजता, जेवून खाऊन. त्यांनी पुठ्ठा काढला, गेटातून वीस वेळा ये-जा केली, "दोष आढळला नाही" असं लिहिलं आणि पुठ्ठा नियमात बसत नाही म्हणून सोबत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी लॅबताई छत्री हातात घेऊनच जिना उतरली. गेट उघडलं. तिसऱ्या दिवशीही उघडलं. उन्हाची पट्टी आता ठिपक्यांपर्यंत येतच नव्हती, हातभर अलीकडे फरशीवरच पडत होती.

"बघा, आपोआप बरं झालं," शिट्टीसाहेब म्हणाला.

"बरं नाही झालं. सूर्य वर सरकला. परत खाली येईल तेव्हा पुन्हा होईल."

"कधी?"

त्या रात्री तिनं कॅलेंडर भिंतीवरून काढून जमिनीवर पसरलं. जूनच्या एकविसाव्या तारखेला सूर्य टोकाला जाऊन माघारी वळतो, एवढं तिला सरांच्या तोंडून माहीत होतं. मग जितके दिवस इकडे, तितकेच दिवस तिकडे. गेट मिटायच्या दिवसांतला मधला दिवस अठरा फेब्रुवारी, तिथपासून जूनपर्यंत तिनं पेन्सिलीनं एकेक चौकट मोजली. नणंद पलंगावर बसून आकडे लिहून घेत होती, कारण एवढ्यात तिलाही चटक लागली होती.

"एकशे तेवीस," नणंद म्हणाली. "ऑक्टोबरची बावीस तारीख आली बघ. पुढे-मागे पाच-सहा दिवस धर."

लॅबताईनं ऑक्टोबरच्या पानावर सोळा ते अठ्ठावीस अशी रेघ ओढली आणि वर लिहिलं, सकाळी नऊ अकरा. शिट्टीसाहेबाला तिनं ते कागदावर लिहून दिलं. त्यानं तो कागद केबिनच्या काचेला आतून चिकटवला, थट्टेनं की विश्वासानं, ते त्यालाच माहीत.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ऑक्टोबरची पंधरा तारीख आली. त्या दिवसापासून ती नऊ वाजताच जिन्याखाली जाऊन उभी राहू लागली. पंधराला काही नाही. सोळाला काही नाही. सतराला स्वच्छ ऊन होतं आणि तरीही काही नाही. नऊ अकरा झाले, नऊ वीस झाले. फरशी कोरडी ठणठणीत, उजेडाचा टिपूस नाही. तिचा चेहरा पडला. सव्वीस वर्षं मांडणाऱ्या बाईनं एकदा करून बघितलं, आणि चुकलं. घरी आल्यावर तिनं कॅलेंडर पालथं टांगलं, आणि नणंदेनं ते परत सुलटं केलं.

अठराला ती नेहमीच्या वेळेला, मान खाली घालून जिना उतरली. शिट्टीसाहेबानं केबिनच्या काचेवर टकटक केलं.

"ताई! तुमचा सूर्य येऊन गेला की!"

"काय?"

"पावणेनऊच्या आत. कालपासून माझी पाळी आठला सुरू होते. काल चार जण अडकले, मला वाटलं योगायोग. आज पुन्हा सहा जण. मी पाच नंबरला साखळी लावली आणि मेकॅनिकला फोन केला. ती म्हणाली, काकूंनी सांगितलेलीच तारीख आहे, उद्या सकाळी येते. पत्र्याची पक्की पडवी आणणार आहे, यावेळी नियमात बसवून."

"किती वाजता म्हणालात?"

"आठ बेचाळीसला पट्टी ठिपक्यावर. मी घड्याळ लावून पाहिलं." त्यानं काचेवरचा कागद दाखवला. तिच्या नऊ अकराखाली त्यानं स्वतःच्या अक्षरात आठ बेचाळीस लिहिलं होतं.

तारीख बरोबर होती. वेळ मात्र अर्धा तास हुकली होती.

आधी तिचा जीव भांड्यात पडला. मग गाडीत बसल्यावर, तिसऱ्या स्टेशनाच्या सुमारास, तिनं एकदम मान वर केली. इमारत तीच. जिना तोच. सूर्य त्याच उंचीवर, त्याच जागी यायला हवा, म्हणून तर तारीख जुळली. मग तो अर्धा तास लवकर कसा आला? घड्याळं तर कुणी मागे-पुढे केली नव्हती.

शाळेत पोचल्यावर तिनं पिशवीही खाली न ठेवता सरांना विचारलं. सर खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभे होते.

"घड्याळ चुकलं असेल हो, लॅबताई."

"नाही सर. शिट्टीसाहेब घड्याळाला फार पक्के आहेत. आणि फेब्रुवारीत मी स्वतः बघितलं होतं."

सरांनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं. मग एक बाण काढला. मग तो पुसला. "थांबा हं," ते म्हणाले, आणि खडू बोटांत फिरवत राहिले. "पूर्वी वाचलं होतं कुठंतरी. सूर्याची दुपार आणि घड्याळाचे बारा रोज जुळत नाहीत, तो कधी थोडा पुढे असतो, कधी मागे... पण कसं ते आता नीट आठवत नाही. शोधून सांगतो."

"सांगा सर. पण सावकाश सांगा," ती म्हणाली. "मी तोवर बघते."

प्रयोगशाळेच्या दक्षिणेकडच्या खिडकीत भरपूर ऊन यायचं. त्या दिवशी तिनं खिडकीच्या लाकडी चौकटीत एक खिळा आडवा ठोकला आणि खाली कट्ट्यावर पांढरा कागद चिकटवला. शाळेची बाराची घंटा झाली की खिळ्याच्या सावलीच्या टोकाला पेन्सिलीनं एक ठिपका. शेजारी तारीख. ढग असले तर जागा रिकामी, कारण दिसलं तेच लिहायचं. पोरांनी विचारलं तर ती सांगायची, "माझा प्रयोग आहे, हात लावायचा नाही." हे वाक्य म्हणताना सुरुवातीला तिची जीभ अडखळायची.

दिवाळीची सुटी सोडूनही नोव्हेंबर संपेपर्यंत बावीस ठिपके झाले. ते एका सरळ रेषेत येतील असं तिला वाटलं होतं. आले नाहीत. आधी एका बाजूला जरासे झुकले, मग हळूहळू दुसऱ्या बाजूला वळायला लागले, जणू कुणी फार सावकाश एखादं अक्षर काढतंय.

"कसलं अक्षर?" नणंदेनं विचारलं.

"अजून कळत नाही, वन्सं. वर्षभर तरी काढू दे त्याला."

"मग मी रविवारी येऊन बघते. शाळा बंद असते, पण चावी तुझ्याकडे असते ना?"

"असते. बाराच्या आत या मात्र. तो थांबत नाही."

रविवारी दोघी पाच नंबरच्या गेटातून, एकामागून एक, गेल्या.